एरर बंद केली म्हणजे दुरुस्ती झाली, असं नसतं!

विषय थोडा तांत्रिक आहे मंडळी, पण शेवटपर्यंत वाचा. कारण प्रश्न तुमच्या-माझ्या आधार नंबरचा आणि बँक खात्याचा आहे.

पतसंस्था, सेवा केंद्रं, शाळा, दवाखाने, सगळीकडे आता प्रोग्राम परस्पर दुसऱ्या सर्व्हरशी बोलतात. एखाद्या दिवशी ते अडतात. स्क्रीनवर येतं, 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड'. बाहेर रांग लागलेली. सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो. तो पायथॉनच्या कोडमध्ये 'व्हेरिफाय = फॉल्स' टाकतो. पाच मिनिटांत काम सुरू, सगळे खूश.

पण झालं काय? समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे विचारणंच प्रोग्रामने सोडून दिलं. रजिस्टर पत्राचं पाकीट सीलबंद आहे, पण पोस्टमन नाव न विचारता दार उघडेल त्याच्या हातात देतोय, तसं. मध्ये बसलेल्या कुणीही घरी बनवलेलं सर्टिफिकेट दाखवावं आणि माहिती घ्यावी.

ही नुसती भीती नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं सापडली. ती निघाली होती आपल्याच एनआयसीच्या यंत्रणेतून. तपासणी चालू असताना ही गत, तर तपासणीच काढून टाकल्यावर काय उरलं?

बरं, खरी दुरुस्ती फार अवघड असते का? बहुतेक वेळा नाही. आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि चांगलं सर्टिफिकेटही चुकीचं ठरतं. मग विश्वासू संस्थांची यादी अपडेट करा. पायथॉनमध्ये ती 'सर्टिफाय' नावाच्या पॅकेजमध्ये असते. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा जगभरात जुनी यंत्रं अशीच अडली होती. संस्थेचा स्वतःचा अंतर्गत सर्व्हर असेल, तर 'फॉल्स' लिहिण्याऐवजी त्या सर्टिफिकेटच्या फाइलचा पत्ता द्या.

आणि "ब्राउझरमध्ये तर साइट चालते की!" हे नेहमीचं वाक्य. सर्व्हरने मधलं सर्टिफिकेट पाठवलं नाही, तर ब्राउझर बऱ्याचदा ते स्वतः शोधून आणतो; प्रोग्राम सहसा आणत नाही. म्हणजे चूक सर्व्हरवाल्यांची, आणि दुरुस्तीही त्यांनीच करायची. तिथे लेखी तक्रार करा, स्क्रीनशॉट जोडा.

मी एकट्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना दोष देणार नाही. रांग त्यांच्या डोक्यावर असते आणि वरच्या ऑफिसात फोन कुणी उचलत नाही. पैशाची सबब मात्र चालणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देते आणि ते आपोआप नव्याने घेण्याची सोयही आहे. ती सोय आता लागणारच, कारण १५ मार्च २०२९ पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. वर्षातून एकदा आठवण आली की हाताने बदलू, ही पद्धत तिथे टिकणार नाही. तेव्हा एरर वाढतील, आणि 'फॉल्स'ही वाढतील.

म्हणून देखभालीच्या करारात एक अट हवी: सर्टिफिकेटची तपासणी बंद करायची नाही, आणि केलीच तर लेखी कारण द्यायचं.

पतसंस्थेच्या वार्षिक सभेत लाभांश किती, हे आपण हक्काने विचारतो. यंदा हेही विचारा. उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये जरूर कळवा.