माणसाला हे जमणारच नाही, म्हणे!

इंग्लंडमधल्या गव्हाच्या शेतात रातोरात उमटलेल्या वर्तुळांचे फोटो पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले आहेत. खाली ठरलेलं वाक्य असतंच, 'हे माणसाला शक्यच नाही.' माझ्या भाच्याने परवा असाच एक फोटो पाठवला आणि वर आव्हान, "आत्या, आता बोल!" तर बोलतेच.

परग्रहवासी आहेत की नाहीत या वादात मला शिरायचंच नाही. माझं भांडण त्या 'शक्यच नाही'शी आहे. हे कोणी ठरवलं, आणि कशाच्या आधारावर?

डग बोवर आणि डेव्ह चोर्ली हे साउथॅम्प्टनचे दोन मित्र. बोवर यांचं चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पबमध्ये गप्पा मारता मारता त्यांना ही थट्टा सुचली. साधनं काय? एक फळी, दोरी, आणि रेघ सरळ जावी म्हणून टोपीला लावलेलं तारेचं कडं. बस्स! फळीला दोरी बांधायची, पायाने दाबत पुढे सरकायचं, पीक आडवं होत जातं. बोवर यांच्या पत्नीला गाडीच्या किलोमीटरांवरून नवऱ्याचं बाहेर काहीतरी चाललंय असा संशय आला, आणि त्यांना ही भानगड घरात कबूल करावी लागली :) पुढे सप्टेंबर १९९१ मध्ये 'टुडे' या वर्तमानपत्रात दोघांनी जाहीर कबुली दिली. त्या वेळी दोघांचीही साठी उलटलेली होती.

वर्तमानपत्राने आणखी एक गंमत केली. या दोघांनी केंट परगण्यात एक आकृती काढली आणि पॅट डेल्गाडो या नामांकित 'वर्तुळतज्ज्ञां'ना तिथे बोलावलं. हे माणसाचं काम नव्हे, असा निर्वाळा त्यांनी दिला. मग खरं सांगितल्यावर आपण फसलो हे त्यांनी मान्य केलं. हा त्यांचा प्रामाणिकपणा, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. खरी गोची पुढे आहे.

१९८९ मध्ये डेल्गाडोंबरोबर या विषयावर पुस्तक लिहिणारे कॉलिन अँड्र्यूज २००० साली म्हणू लागले की सुमारे ऐंशी टक्के आकृत्या माणसांच्याच, उरलेल्या मात्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे. आता पाहा, एखादा मुलगा म्हणाला, "बाई, दहापैकी आठ गणितं मी शेजाऱ्याची उतरवली, पण उरलेली दोन साक्षात सरस्वतीने सोडवली," तर त्याला मार्क द्याल का?

टेरेन्स मीडन या हवामान अभ्यासकांनी वावटळीचं स्पष्टीकरण दिलं होतं. साध्या गोलापुरतं ते ऐकायला बरं होतं, पण मग शेतात सरळ रेषा आणि चौकोन दिसू लागले. चौकोनी वावटळ कोणी पाहिली आहे का?

"अंधारात इतकं अचूक कसं जमेल?" हाही नेहमीचा प्रश्न. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये याचीच स्पर्धा झाली. नकाशा दिला, रात्र दिली आणि सांगितलं, काढा. हेलिकॉप्टर कारखान्यातले तीन इंजिनियर जिंकले. आणि शेतात शिरल्याच्या खुणा का दिसत नाहीत? तिकडच्या शेतांत फवारणीच्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात, त्यांतून चालत गेलं की झालं.

सर्वांत 'शास्त्रीय' वाटणारा दावा काड्यांच्या गाठींचा. आकृतीतल्या गव्हाच्या गाठी लांबलेल्या असतात, म्हणजे कसली तरी अज्ञात ऊर्जा, म्हणे. मंडळी, आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी वादळी पावसात लोळलेला हिरवा गहू पाहिला असेल. दोन-चार दिवसांत ओंब्या पुन्हा मान वर करतात. का? काडी आडवी झाली की गाठीची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते, आणि काडी कोपरात दुमडल्यासारखी वर उठते. गुरुत्वाकर्षणाला वनस्पतीने दिलेलं हे उत्तर आहे. फळीने आडवा केला काय नि पावसाने लोळवला काय, गव्हाला सारखंच.

मग शेवटचा हुकमी एक्का, मिल्क हिल. विल्टशायरमध्ये ऑगस्ट २००१ ला उमटलेली ४०९ वर्तुळांची आकृती. सुंदरच आहे, वादच नाही. चला, ती कोणी काढली याचा पत्ता लागला नाही असं धरून चालू. म्हणून ती आकाशातून उतरली? आपल्या गल्लीतली सायकल चोरीला गेली आणि चोर सापडला नाही, तर ती मंगळावरच्यांनी नेली असं पोलीस चौकीत सांगून पाहा. काढणारे गप्प का बसतात याचं कारणही साधं आहे. दुसऱ्याच्या पिकाचं नुकसान हा गुन्हा आहे. विल्टशायरमध्येच २००० साली एकाला याबद्दल १०० पौंड दंड झाला होता.

मला राग येतो तो इथे. दोरी, खुंटी, भूमिती आणि रात्रभराची मेहनत, हे सगळं माणसाचं. त्याचं श्रेय मात्र तबकडीतून येणाऱ्या अनोळखी पाहुण्यांना! तीच गत इजिप्तच्या पिरॅमिडांची. असो, तो विषय वेगळा.

या सगळ्यात शेतकऱ्याचं नाव कोणी काढत नाही. आकृतीत आडवं झालेलं पीक एकवेळ थोडं असेल, पण ती पाहायला लोटणारे लोक आणखी तुडवतात, आणि जमिनीला टेकलेल्या ओंब्या हार्वेस्टरच्या पात्यात नीट येत नाहीत. १९९६ मध्ये स्टोनहेंजसमोरच्या शेतात १५१ वर्तुळांची आकृती उमटली, तेव्हा त्या शेतकऱ्याने फाटकाशी उभं राहून बघ्यांकडून पैसे घेतले. हुशार माणूस! इतर काही शेतकरी तर आकृती दिसताच तेवढा भाग कापूनच टाकतात, म्हणजे फोटो काढायला कोणी फिरकत नाही.