मालक आखातात, घर पाण्यात

कोकणातील मुस्लिम समाजाने आखाती देशांत राबून जो पैसा कमावला, त्याचा मोठा हिस्सा सोने आणि घर या दोनच गोष्टींत अडकला आहे. चिपळूण, महाड, खेड, मुंब्रा, कौसा, मीरा रोड येथील कित्येक सदनिकांचे मालक कुवेत, दोहा, दुबई वा जेद्दाहला असतात आणि घरात भाडेकरू राहतो. भाड्याच्या उत्पन्नाला व्याजाचा स्पर्श नाही, महिन्याच्या महिन्याला रक्कम येते, म्हणून ही गुंतवणूक निर्धास्त समजली जाते. आमच्या मते ती तशी नाही. मालक दूर असलेल्या घरात पाणी शिरले की नुकसान पाणी करते हे खरे, परंतु भरपाई बुडते ती दुसऱ्याच कारणाने. त्या घराच्या वतीने बोलण्याचा, सही करण्याचा आणि धावपळ करण्याचा अधिकार लेखी स्वरूपात कोणालाच दिलेला नसतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांनी चिपळूण बुडवले, तिकडे सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड बुडाले. तळमजले दिसेनासे झाले. ते कोविडचे दिवस होते. संयुक्त अरब अमिरातीने त्या वर्षीच्या एप्रिलपासून भारतातून येणाऱ्या प्रवाशांना बंदी केली होती आणि कुवेतचीही वाट बंद होती. मालकाने गावी यायचे ठरवले असते तर परत नोकरीवर कसे जायचे हा प्रश्न होता. इकडे भाडेकरूने जे कोणीही केले असते तेच केले. चिखल काढला, कुजलेले सामान रस्त्यावर टाकले, भिंती धुतल्या. त्यात त्याची चूक नव्हती, मुलाबाळांना घेऊन तो चिखलात किती दिवस राहणार? पण विमा कंपनीचा सर्वेक्षक येईपर्यंत भिंतीवरील पाण्याची खूणसुद्धा राहिली नाही, तर नुकसान कशावरून ठरवायचे? चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीची छायाचित्रे, पाण्याची रेषा भिंतीवर स्पष्ट दिसेल अशी, आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत एवढे जरी हाती असते तरी दावा उभा राहिला असता. हे काम अर्ध्या तासाचे. ते करायला सांगितलेला माणूस मात्र हवा.

महापुराची निदान बातमी होते. आमच्या मते अधिक घरे खराब होतात ती न बोलणाऱ्या पाण्याने. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून झिरपणारे पाणी, गच्चीवरून उतरणारी ओल, भिंतीत गाडलेल्या नळाच्या जोडातून महिनोन्‌महिने होणारी गळती. विमा घेतलेल्या पुष्कळ मालकांचा भ्रम असा की पाण्याने झालेले सर्व नुकसान विम्यात येते. तसे नाही. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना एक प्रमाणित घरविमा देणे बंधनकारक केले, त्याचे नाव 'भारत गृह रक्षा'. त्यात पूर, वादळ, दरड कोसळणे येते. पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे, टाकी भरून वाहणे हेही येते. जीर्ण झाल्यामुळे किंवा देखभाल न केल्यामुळे हळूहळू मुरलेली ओल मात्र येत नाही. नळ मंगळवारी फुटला आणि बुधवारी कळवले तर तो अपघात. तोच नळ शाबानपासून ठिबकत होता आणि ईदला प्लास्टर पडले, तर ती हयगय. म्हणजे दाव्याचे भवितव्य पाणी किती आले यापेक्षा ते कोणी केव्हा पाहिले यावर ठरते, आणि दूरच्या मालकाची बाजू नेमकी इथेच लंगडी पडते.

विम्याची रक्कम ठरवतानाही गोंधळ होतो. कोणी बाजारभाव लिहितो, कोणी खरेदीखतावरील आकडा. विमा असतो बांधकामाचा, जमिनीचा नव्हे. चटई क्षेत्र ६० चौरस मीटर आणि बांधकामाचा खर्च चौरस मीटरला २०,००० रुपये धरला तर इमारतीची रक्कम १२ लाख होते, मग ती सदनिका ५० लाखांना का विकली जाईना. जादा रकमेवर भरलेला हप्ता फुकट जातो. उलट जुन्या फायर पॉलिसीत रक्कम कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जात असे. भारत गृह रक्षात ही कपात काढून टाकली आहे, एवढे जुन्या पॉलिसीवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

घर भाड्याने दिले आहे ही गोष्ट प्रस्तावात स्पष्ट लिहावी. एजंट म्हणतो, "राहू द्या हो भाई, काय फरक पडतो?" फरक दाव्याच्या दिवशी पडतो. तसेच एक भाडेकरू गेला आणि दुसरा मिळेपर्यंत घर बंद राहिले, तर तेही कंपनीस कळवावे. जुन्या फायर पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून अधिक रिकामे राहिले आणि कंपनीची संमती घेतली नसेल तर संरक्षणच थांबत असे. भाडेकरूचे कपाट, फ्रीज, गादी हे मालकाच्या विम्यात येत नाही. त्याने आपल्या सामानाचा वेगळा विमा घ्यावा, आणि हे त्याला करार करतानाच सांगावे, पुरानंतर नव्हे. घर राहण्यालायक उरले नाही तर बुडालेल्या भाड्याची तरतूद भारत गृह रक्षात आहे. तिचा उपयोग व्हायचा तर नोंदणीकृत करार हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच आहे. 'ओळखीचा माणूस आहे' हे कारण कायद्याला चालत नाही.

आता आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनातील पहिला प्रश्न, विमा जायज आहे काय? जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८५ साली निर्णय दिला तो असा की, ठरावीक हप्त्याच्या व्यापारी विम्यात मोठी अनिश्चितता असल्याने तो हराम, आणि परस्पर सहकार्य व देणगीच्या तत्त्वावरील विमा जायज. आखातात त्या तत्त्वावर तकाफुल कंपन्या चालतात, आपल्या देशात ही सोय नाही. दंगलींत मुस्लिमांच्या मालमत्तेची झालेली राखरांगोळी पाहून येथील उलेमांच्या एका वर्गाने मालमत्तेच्या विम्याला मुभा दिली, दुसरा वर्ग ती मानत नाही. फतवा देणे हे या पानाचे काम नाही, ज्याने त्याने आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारावे. पण जो विमा घेत नाही त्याने रिकाम्या हाताने बसावे असे कोणताही आलिम सांगत नाही. वर्षाला एका महिन्याचे भाडे वेगळ्या खात्यात टाकावे. एकाच इमारतीत गावचे आठ-दहा मालक असतील तर त्यांनी मिळून असा निधी उभारावा. तबर्रु म्हणतात तो हाच, आणि त्याला कोणाच्या परवान्याची गरज नाही.

मुख्य मुद्दा माणसाचा आहे. आपल्याकडे चावी मेहुण्याकडे असते. मेहुणा भला माणूस असतो, पण त्याचे दुकान असते, संसार असतो. त्याला ना मोबदला, ना अधिकार. भाडेकरूचा फोन आला की तो 'बघतो' म्हणतो आणि दुबईला काही कळवत नाही, कारण कळवले तर खर्च कोणी करायचा हा विषय निघतो. पुढे प्लास्टर पडते आणि नात्यालाही तडा जातो. आम्हाला हा प्रकार पाण्याच्या नुकसानीहून वाईट वाटतो. उपाय अगदी साधा आहे. भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. दावा दाखल करणे, सर्वेक्षकासोबत हजर राहणे, अमुक रकमेपर्यंत दुरुस्ती करून घेणे आणि सोसायटीशी पत्रव्यवहार करणे हे चार अधिकार त्यात नावानिशी असावेत. विकण्याचा अधिकार देण्याची काही गरज नाही. आणि त्या माणसाला दरमहा ठरलेली रक्कम द्यावी, मग तो सख्खा भाऊ का असेना. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि त्यात नातेवाइकांना सूट दिलेली नाही.

सोसायटीकडून आपले हक्काचे काम करून घेण्यासही हाच माणूस लागतो. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी गळती, बाहेरील सामाईक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती ही सोसायटीच्या खर्चाची बाब आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करायची असते. दूरचा मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-वहिवाट शुल्क भरतो, पण सर्वसाधारण सभेत मात्र त्याची खुर्ची रिकामी असते. निदान ओलीबद्दलचे लेखी पत्र देऊन पोच तरी घ्यावी. पुढे विमा कंपनीने 'देखभाल केली नाही' असे म्हटले तर हेच पत्र कामी येते.

दाव्यात आकडा फुगवणे हा सर्रास प्रकार झाला आहे. 'दीडपट लिहा, कापून तेवढेच देतील' असा सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात. भाडेकरूचा सोफा मालकाच्या नावावर दाखवला जातो. हे उघड खोटे आहे, आणि खोटे सापडले तर खरे नुकसानही नाकारण्याचा अधिकार कंपनीला मिळतो. घरावर बँकेचे कर्ज असेल तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा राहतो, हेही आधी पाहून घ्यावे.

कंपनीने अन्यायाने दावा फेटाळला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्याची कार्यालये आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात, शुल्क नाही, वकील करावा लागत नाही. मुदत नकार मिळाल्यापासून एक वर्षाची. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते, म्हणजे दोह्यातल्या मालकाला त्यासाठी रजा काढून येण्याचेही कारण उरलेले नाही.