तसबिरीमागची छडी

आपल्या घरांतून बाहेरच्या खोलीत पवित्र कुटुंबाची तसबीर असते. योसेफ, मरिया आणि त्या दोघांच्या मध्ये बालक येशू. सायंकाळी तिच्यापुढे मेणबत्ती लागते, रोझरी होते. आमच्या पिढीतील पुष्कळांना त्या तसबिरीची आणखी एक आठवण आहे. तिच्या चौकटीमागे चिंचेचा फोक खोचलेला असे. रोझरीत डुलकी लागली, पाढा चुकला, वडीलधाऱ्यांना उलट उत्तर दिले, की तो बाहेर निघे. तसबीर आणि फोक एकाच खिळ्याच्या आश्रयाने राहतात यात कुणालाच काही विपरीत वाटले नाही. आजही वाटत नाही. फोकाच्या जागी कमरेचा पट्टा, लाटणे किंवा उघडा हात आला, एवढेच.

आम्ही हे लिहितो ते स्वतःला वगळून नव्हे. आम्हीही मार खाल्ला आहे आणि, लिहिताना लाज वाटते, आमचाही हात मुलांवर उठला आहे. म्हणूनच हा विषय कधी तरी उघडपणे बोलला जावा असे आम्हांला वाटते.

मुलाला मारणे हा आपल्या समाजात दोष मानला जात नाही, ते कर्तव्य मानले जाते. दोषी ठरतो तो न मारणारा बाप. 'लाडावून ठेवले आहे' असा शेरा शेजारपाजारची मंडळी त्याच्यावर मारतात, आणि त्या शेऱ्याच्या धाकाने, इच्छा नसतानाही, चारचौघांत त्याचा हात उठतो. म्हणजे मुलावर पडणारा तडाखा पुष्कळदा एकट्या बापाचा नसतो. त्यामागे सबंध आळीचा हात असतो. अशी रीत एकेका बापाला उपदेश करून मोडत नाही. ती सर्वांनी मिळून मोडावी लागते.

ही रीत किती पसरलेली आहे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. घरात ज्यांना मारहाण झाली, त्यांच्यापैकी बहुसंख्यांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते.

यावर आपल्याकडे पहिले उत्तर पवित्र शास्त्रातून येते. छडी आवरणारा बाप पुत्राचा वैरी होय, अशा आशयाचे वचन नीतिसूत्रांत आहे, ते आम्हांला ठाऊक आहे. परंतु हट्टी व बंडखोर पुत्राला नगराच्या वेशीवर नेऊन दगडमार करावा, अशी आज्ञाही त्याच जुन्या करारात, अनुवादाच्या ग्रंथात आहे. ती कोणता ख्रिस्ती बाप पाळतो? जुना करार आपण ख्रिस्ताच्या उजेडात वाचतो, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपणच शिकवितो. मग छडीच्या वचनापाशी येताच तो उजेड का मालवावा? पौलाने इफिसकरांस लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगितले, आणि लगेच बापांनाही बजावले की मुलांना चिडीस आणू नका. पहिला अर्धा भाग आपण मुलांकडून पाठ करवून घेतला. दुसरा अर्धा आपल्यासाठी होता, तो मात्र विसरलो.

आता पुन्हा त्या तसबिरीकडे वळू. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला. तीन दिवस आईबाप त्याला शोधीत होते. ज्याचे मूल जत्रेत तासभर हरवले असेल, त्यालाच त्या तीन दिवसांचा अर्थ कळेल. अखेर तो मंदिरात सापडला. मरियेने काय केले? तिने त्याला विचारले, की बाळा, तू आमच्याशी असे का वागलास? त्याने प्रश्नाला प्रश्नच केला. आपल्या भाषेत सांगायचे तर तो उलटून बोलला. मरिया आणि योसेफ यांना त्याचे बोलणे समजले नाही, असे लूक स्पष्ट नमूद करतो. तरी हात उठला नाही. मातेने ते सारे अंतःकरणात जतन केले, मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. ही कथा आपण दरवर्षी मुलांना आज्ञाधारकतेचा धडा म्हणून सांगतो. ती आधी आईबापांचा धडा आहे, हे कोण सांगणार?

दुसरे उत्तर शाळेतून येते. 'चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग छडीवाचून आवरत नाही.' ज्यांनी रस्त्यावरची, कारखान्यांतली, तुरुंगातून सुटलेली मुले आवरली, त्या संत जॉन बॉस्कोंनी १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीवर एक छोटा निबंध लिहिला. मारणे, त्रास होईल अशा रीतीने गुडघे टेकायला लावणे, कान पिळणे या शिक्षा त्यांनी सर्वस्वी टाळावयास सांगितल्या. कायदा त्यांना मनाई करतो, मुले त्यांनी चिडतात आणि शिक्षकाचीच पत उतरते, अशी कारणे त्यांनी दिली. त्यांच्या नावाच्या शाळा आपल्या अवतीभवती आहेत, ३१ जानेवारीला त्यांचा सणही साजरा होतो. अंगठे धरून उभ्या केलेल्या मुलांच्या रांगेपुढून त्यांची मिरवणूक जावी, याहून मोठा उपहास कोणता?

शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २०१० पासून शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी आली. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असे ठरविले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्याची भूमिका घेतली. न्यायालयाचे काय व्हायचे ते होवो. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा चालविण्याचा हक्क दिला, तो श्रद्धा व संस्कृती जपण्यासाठी. छडी हा आपल्या संस्कृतीचा वारसा आहे, असे कोणता धर्मगुरू प्रवेशद्वारावर लिहून लावील?

प्रामाणिकपणासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये एका बापाचा दाखला दिला. मुलांना कधी चापट मारावी लागते, पण त्यांचा अपमान होऊ नये म्हणून तोंडावर मारीत नाही, असे तो बाप म्हणाला होता, आणि त्याला प्रतिष्ठेची जाण आहे म्हणून पोपमहोदयांनी त्याचे कौतुक केले. त्यावर जगभर टीका झाली. आम्हीही आदरपूर्वक म्हणतो, की मुलाची प्रतिष्ठा गालावर असते आणि पाठीवर नसते असे नाही.

तिसरे उत्तर सर्वांत लोकप्रिय: 'आम्हीही मार खाल्ला, आमचे काय वाईट झाले?' याला उत्तर आमचे नाही. ओळखीच्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी आम्हांला सांगितले, की नवव्या वर्षी एका नातलगाच्या वागण्याविषयी त्या आईला सांगू लागल्या. वाक्य पुरे होण्याआधी थप्पड बसली. मोठ्या माणसांबद्दल असे बोलतात का! पुढे तीस वर्षे त्यांनी ते वाक्य कुणापाशीही पुरे केले नाही. आई दुष्ट नव्हती. ती रीतीप्रमाणे वागली.

आमच्या म्हणण्याचे मर्म येथे आहे. मार मुलाला शिस्त शिकवितो की नाही यावर वाद होऊ शकेल. तो गप्प राहणे शिकवितो, यावर वाद नाही. मोठ्यांचे शरीर बलवान, मोठ्यांचा शब्द अखेरचा, आणि आपल्या अंगावर आपला हक्क नाही, हे तीन धडे ज्या मुलाने घरी गिरविले, ते मूल पुढे एखाद्या काकापुढे, शिक्षकापुढे वा, दुर्दैवाने, धर्मगुरूपुढेही 'नको' कसे म्हणणार? त्याच २००७ च्या अहवालात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांतील बहुतेकांनी ते कुणालाही कळविले नव्हते. २०१२ चा पॉक्सो कायदा अशी गोष्ट समजलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घालतो. परंतु मुलाने तोंडच उघडले नाही, तर कायदा काय ऐकणार?

मग करावयाचे काय? मोठी चळवळ नको. प्रथम ख्रिस्तशरीराच्या तयारीत आपण मुलांना पापनिवेदन शिकवितो, आणि 'मी आईवडिलांची आज्ञा मोडली' हे वाक्य त्यांच्या ओठी देतो. 'मी रागाच्या भरात मुलाला मारले' हे वाक्य आईबापांच्या ओठी कोण देणार? आगमनकाळाच्या व उपवासकाळाच्या विवेकतपासणीत धर्मगुरूंनी ते घालावे. विवाहपूर्व शिबिरांत वधूवरांशी या विषयावर एक तास बोलावे. शाळेत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मारले जाणार नाही, असा ठराव प्रत्येक धर्मग्रामाच्या मंडळाने लेखी करून सूचनाफलकावर लावावा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक त्याच फलकावर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर असावा. आणि शेजारच्या घरी न मारणारा बाप दिसला, तर 'लाडावले आहे' हा शेरा आपण गिळावा.

येशूने शिष्यांच्या मध्ये एक बालक उभे केले, तेव्हा मोठेपणाचा वाद चालला होता. बालकाला त्याने काही शिकविले नाही, शिकविले मोठ्यांना. येत्या नाताळात घर झाडताना तसबीर खाली उतरेल. तिच्यामागे काही खोचलेले असेल, तर ते परत ठेवू नये, एवढीच आमची विनंती आहे.