उसनी विमाने, स्वतःचे रक्त

तैवानमध्ये १४ ऑगस्ट हा हवाईदल दिन म्हणून पाळला जातो. १९३७ साली याच दिवशी, वादळी हवामानात, चीनच्या चौथ्या लढाऊ विमानदलाने हांगझोऊनजीकच्या तळावर चालून आलेल्या जपानी बॉम्बफेकी विमानांना धैर्याने तोंड दिले. दलप्रमुख गाओ झिहांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विमाने पाडल्याचे चीनने घोषित केले. जपानी नोंदींतील आकडा त्याहून कमी आहे. मात्र आक्रमकाला रोखता येते, हा विश्वास त्या दिवशी चिनी जनतेत जागा झाला, हे निर्विवाद.

परंतु ती विमाने कुणाची होती? 'हॉक-३' ही अमेरिकी बनावटीची. युद्धात ती झपाट्याने खर्ची पडली, तेव्हा दलाच्या हाती सोव्हिएत विमाने आली. अशाच एका विमानातून उड्डाण करण्याच्या प्रयत्नात असताना, २१ नोव्हेंबर १९३७ रोजी, जपानी बॉम्बवर्षावात गाओ यांना धावपट्टीवरच वीरमरण आले. पुढे १३ सप्टेंबर १९४० रोजी बिशानच्या आकाशात जपानची नवी 'झीरो' विमाने अवतरली. १३ 'झीरों'शी लढताना ३० हून अधिक विमानांच्या चिनी तुकडीने १३ विमाने आणि १० वैमानिक गमावले. जपानचे एकही विमान पडले नाही. शौर्य उणे नव्हते, यंत्र उणे होते. एप्रिल १९४१ मध्ये मॉस्कोने टोकियोशी तटस्थता करार केला आणि सोव्हिएत मदतीचा झराही आटला. १९४२ साली याच दलाचे वैमानिक अमेरिकी विमाने ताब्यात घेण्यासाठी पार कराचीपर्यंत आले. पुरवठादाराचे धोरण बदलले की सैनिकाचे भवितव्य बदलते, ते असे!

१९४९ नंतर हे दल तैवानला गेले. ज्या बेटावरून १९३७ मध्ये जपानी विमाने हांगझोऊवर झेपावली, त्याच बेटाचे आकाश आज ते च्यायी तळावरून राखते आहे. तेही अमेरिकी 'एफ-१६' विमानांच्या बळावर! २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ६६ नव्या विमानांच्या पुरवठ्याला विलंबाने ग्रासले, हा इतिहासाचा उपरोधच होय.

बीजिंगने मात्र यातून बोध घेतला. १९५६ मध्ये सोव्हिएत आराखड्यावरून आपले पहिले जेट लढाऊ विमान बनवणारा तो देश आज 'जे-२०' उडवतो आहे. भारताचे 'मरुत' १९६१ मध्ये आकाशात झेपावले, पण योग्य इंजिनाअभावी त्याचे पंख दुबळेच राहिले. 'तेजस'चे इंजिनही अमेरिकी आहे आणि त्याच्या प्रतीक्षेत विमानांचे वितरण रखडले. वैमानिकांच्या पराक्रमाची उणीव या देशाला कधीच भासली नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या हाती स्वदेशी सामर्थ्य देण्याचा. हुतात्म्यांची स्मारके उभारणे हे कर्तव्य खरेच. परंतु उसन्या शस्त्रापायी नवे हुतात्मे होऊ न देणे, हे त्याहून मोठे राष्ट्रकर्तव्य आहे.