मुद्दाम ठेवलेला कच्चेपणा

यंत्र विकत घेतांना आपण त्याची अश्वशक्ति व किंमत पाहतों. परंतु त्यांतील बारीकसारीक भाग तसेच कां केले आहेत, हें सहसा विचारीत नाहीं. ही उदासीनता किती महाग पडते, हें कळण्यास एका बोल्टाची हकीकत पुरेशी आहे.

ट्रॅक्टरची शक्ति रोटाव्हेटरास पोंचविणाऱ्या पी. टी. ओ. शाफ्टावर पुष्कळदां एक लहान बोल्ट असतो. त्यास शिअर बोल्ट म्हणतात. पातीं दगडांत किंवा मुळांत अडकलीं कीं तो कातरल्यासारखा तुटतो, शाफ्ट मोकळा फिरूं लागतो व गिअरबॉक्स वांचतो. तुटणें हेंच त्याचें काम होय. गतवर्षीं ऐन पेरणीच्या तोंडावर आमच्या शेतांत तो दोन वेळां तुटला, तेव्हां वैतागून आम्हीं त्या जागीं अधिक कणखर बोल्ट बसविला. तिसऱ्या दिवशीं बाभळीच्या मुळाशीं गांठ पडली. बोल्ट शाबूत राहिला. गिअरचे दांते मात्र गेले. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

वास्तविक खूण डोळ्यांसमोर होती. मेट्रिक मापाच्या पोलादी बोल्टाच्या डोक्यावर बहुधा ४.६, ८.८ असे आंकडे उठविलेले असतात. त्यांतील पहिल्या आंकड्यास शंभरानें गुणिलें म्हणजे दर चौरस मिलिमीटरास तो किती न्यूटन ताण सोसतो, हें कळतें. अर्थात् ८.८ चा बोल्ट ४.६ च्या दुप्पट बळाचा.

पंपाच्या फ्यूजची गोष्टहि अशीच. त्याची तार बारीक असते ती वेळीं वितळावी म्हणूनच. तेथें जाड तार गुंडाळली म्हणजे पंप त्या दिवसापुरता चालतो. पुढें मात्र मोटारीचें वाइंडिंग जळतें, आणि प्रसंगीं माणसाच्या जिवावर बेततें.

कोणी म्हणतील, कारखानदार खप वाढविण्यासाठींच कच्चा माल घालतात. तसें कोठेंच होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जो भाग स्वस्त, बाहेरून हातीं लागणारा व सहज बदलतां येणारा आहे, आणि ज्याच्या मागें महागाचा भाग आहे, तो बहुधा राखणदार समजावा. तो वारंवार तुटत असेल तर खोली, दगड व मुळें यांकडे आधीं पाहावें.

सभासद बंधूंस विनंति इतकीच कीं, हंगामापूर्वीं यंत्राच्या पुस्तिकेंतील बोल्टाचें माप व आंकडा पाहून तसेच चार बोल्ट संग्रहीं ठेवावे. आम्हीं तें केलें असतें तर पेरणीचे आठ दिवस वांचले असते.