माध्यम नवे म्हणून निर्बंध नवे?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मध्ये छापखान्याचा उल्लेख नाही, रेडिओचा नाही, चित्रपटाचाही नाही. भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य तिथे नागरिकाला दिलेले आहे. माध्यम कोणते, याची अट नाही. अनुच्छेद १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो, पण कारणे मोजून देतो: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. कारणे आठच. मुंबईत छापल्या जाणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण 'सार्वजनिक सुव्यवस्था' तेव्हा या यादीत नव्हती. ती १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली. यादी वाढवायची तर संसदेला घटनादुरुस्तीचा मार्ग धरावा लागतो, हे तेव्हाच ठरून गेले.

इंटरनेट आल्यापासून मात्र एक युक्तिवाद सतत पुढे केला जातो. वर्तमानपत्राला संपादक असतो, इथे कोणी नाही. मजकूर क्षणात लाखोंपर्यंत जातो. लिहिणारा नाव लपवू शकतो. तेव्हा छापखान्याच्या काळातली मोजमापे इथे पुरेशी नाहीत, सरकारला जास्त मोकळीक हवी, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

या युक्तिवादाचा कणा म्हणजे पोहोच, आणि पोहोचीचा निवाडा इंटरनेटच्या कितीतरी आधी, पुण्याच्या एका दैनिकाच्या खटल्यात झाला आहे. १९५६ चा एक कायदा आणि १९६० चा त्याखालचा आदेश यांनी वर्तमानपत्राची किंमत आणि पाने यांची सांगड घातली. 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांत मिळे. आठवड्याचे पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार, अशी सहा दिवसांची चौतीस पाने होत. आदेशाप्रमाणे त्या किमतीत चोवीसच देता आली असती. म्हणजे पाने कमी करायची, नाहीतर किंमत वाढवून वाचक गमवायचे. मोठ्या पत्रांची मक्तेदारी मोडून छोट्यांना जगवायचे आहे, असा सरकारचा बचाव होता आणि हेतू म्हणून तो वाईट नव्हता. तरीही सप्टेंबर १९६१ मध्ये न्या. मुधोळकरांनी घटनापीठाच्या वतीने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. किती मजकूर द्यायचा आणि तो किती जणांपर्यंत पोहोचवायचा, हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग आहे. केवळ 'लोकहित' हे कारण व्यापारावरील निर्बंधाला चालेल, अभिव्यक्तीवरच्या नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पोहोच हा स्वातंत्र्याचाच भाग असेल, तर ती वाढली म्हणून स्वातंत्र्य आकसते, हे म्हणणे टिकत नाही.

वेगाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि तो महाराष्ट्राने रक्त सांडताना पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. पण जमावाला हिंसेला उद्युक्त करणारा मजकूर 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'गुन्ह्यास चिथावणी' या कारणांत आजही सरळ बसतो. त्यासाठी नववे कारण लागत नाही. वेळेवर पोहोचणारे पोलीस लागतात.

ज्यादा अधिकार दिल्यावर काय होते, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ए ने दाखवले. 'अतिशय आक्षेपार्ह' मजकुरासाठी किंवा खोटी माहिती पाठवून दिलेला 'त्रास' आणि 'गैरसोय' यांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने त्याला 'लाइक' केले, आणि दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. हिंसा केली ती जमावाने आणि कायद्याचा बडगा पडला तो लिहिणारीवर.

श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने हे कलम रद्द केले. इंटरनेट वेगळे आहे आणि त्यासाठी वेगळे गुन्हे ठरवता येतात, हे न्यायालयाने मान्य केले. पण वेगळ्या कायद्यालाही त्या आठ कारणांतच बसावे लागेल, हे बजावले. चर्चा आणि एखाद्या मताचा पुरस्कार, तो कितीही अप्रिय असो, संरक्षित आहे. तो चिथावणीपर्यंत गेला की निर्बंधाची वेळ येते. हा निकष भाषणाच्या मंचाला जसा लागू पडतो तसाच मोबाइलच्या पडद्यालाही. त्यानंतरही पोलीस ठाण्यांत ६६ए खाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

पुढचा प्रयत्न दुसऱ्या दाराने झाला. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची कोणती माहिती 'बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी' आहे, हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवायचे, अशी नियमदुरुस्ती २०२३ मध्ये आली. तसा शिक्का बसलेला मजकूर न हटवणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत फुटले; सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. ते योग्यच झाले. ज्याच्यावर टीका होते त्यालाच टीकेच्या खरेखोटेपणाचा न्यायाधीश नेमता येत नाही.

कंपन्या स्वतःच्या नियमांनी मजकूर उडवतात, तो प्रश्न वेगळा आहे. अनुच्छेद १९ चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे घटनापीठाने २०२३ मध्ये बहुमताने म्हटले. मोठ्या कंपन्यांना ते कसे लागू करायचे, हे अजून घडायचे आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र सरकारच्याच बाजूला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ६९ए खाली केंद्र सरकार मजकूर रोखू शकते. श्रेया सिंघल निकालाने हे कलम टिकवले, ते आदेशाची कारणे लेखी असतील आणि त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येईल, या भरवशावर. पण या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ मजकूर रोखण्याविषयीच्या तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. हाती न आलेल्या आदेशाला आव्हान देणार कसे? इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंबंधीच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तोच दंडक ६९ए ला लावावा, नियम १६ रद्द करावा आणि ज्याचा मजकूर रोखला त्याच्या हाती कारणांसह आदेश द्यावा.