उत्पन्न किती लिहू?

दिवाळी येते तेव्हा आपल्याकडे हलका धान कापून झालेला असतो, भारी अजून बांधीत उभा असतो. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, दंडार-नाटकांच्या रात्री सुरू होतात आणि नागपूर-रायपूरकडे कामाला गेलेली पोरं चार दिवस घरी येतात. त्या चार दिवसांत एक काम हमखास निघतं. पेटीतली प्लास्टिकची पिशवी बाहेर येते. तीत रेशनकार्ड, सगळ्यांचे आधार, सातबारा, जॉबकार्ड, पासबुकं आणि घडीवर विरलेला उत्पन्नाचा जुना दाखला. शिकलेला पोरगा घरात आहे तोवर अडलेले अर्ज पुढे सरकवायचे असतात. कुणाची केवायसी राहिलेली, कुणाचा थंब लागत नाही. जन्मभर रोवणी केलेल्या, बिड्या वळलेल्या बोटांचे ठसे कंट्रोलच्या, म्हणजे रेशन दुकानाच्या, मशीनला ओळखू येत नाहीत.

मग सेतूतली रांग. तिथला मुलगा फॉर्म भरता भरता विचारतो, "उत्पन्न किती लिहू, मावशी?" मावशीचं उत्तर ठरलेलं असतं, "तुमाले जे बराबर दिसते ते लिवा, बाबू."

शहरातल्या मित्रांना हा संवाद सांगितला की ते हसतात. त्यांना त्यात लबाडी दिसते. आम्हाला दिसत नाही. मावशी खरोखरच कोड्यात असते, कारण किती कमावलं म्हणजे आपण गरीब, याचं एक उत्तर सरकारनेच तिला दिलेलं नाही. यंदाचा अंक त्या कोड्यावर आहे.

पिवळ्या रेशनकार्डाला घराचं वर्षाचं उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत लागतं. तीन रंगांच्या कार्डांची ही पद्धत राज्यात १ मे १९९९ला सुरू झाली; भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हाही त्याच दिवशी झाला. जिल्ह्याने पंचविशी ओलांडली, आकडा अजून तोच. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीला ग्रामीण भागात मर्यादा ४४,०००. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांना २१,०००. लाडक्या बहिणीला अडीच लाख, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या शिष्यवृत्तीलाही अडीच लाख. नॉन-क्रिमिलेयर काढायला गेलात तर आठ लाख. म्हणजे एकाच चुलीवर जेवणारं घर एका खिडकीशी गरीब ठरतं आणि दुसरीशी खाऊनपिऊन सुखी.

मर्यादा वेगळ्या असायला हरकत नाही. धान्य भुकेसाठी असतं, पेन्शन म्हातारपणासाठी, शिष्यवृत्ती शिकण्यासाठी. एका घराला तिन्ही लागणारच. तक्रार वेगळीच आहे. हे आकडे वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या साली ठरवले आणि ते शेजारी शेजारी मांडून पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही. आम्ही मांडून पाहिले.

देवरी तालुक्यातली एक बाई धरा. पन्नाशीची, नवरा वारलेला. रोजगार हमीची २०२५-२६ची मजुरी ३१२ रुपये आणि केंद्राच्या कायद्याची तेव्हाची हमी घरामागे वर्षाला १०० दिवसांची. तिने सगळे शंभर दिवस भरले तर हाती ३१,२०० रुपये येतात. निराधारची मर्यादा २१,०००. मस्टरवर तिचा अडुसष्टावा दिवस लागला की कागदाच्या हिशेबाने ती निराधार उरत नाही. हक्काचं काम पुरतं केलं म्हणून हक्काचं पेन्शन हुकतं. तलाठ्यालाही हे कळतं (आता पाटीवर 'ग्राम महसूल अधिकारी' आहे, गाव मात्र तलाठीच म्हणतं). त्यामुळे कुणाच्या दाखल्यावर २०,००० पाहिले की आम्ही दचकायचं सोडून दिलं आहे.

बरं, निराधार हुकलं तर जुलै २०२४पासून लाडकी बहीण आहे. तिथेही महिना १,५०० आणि इथेही १,५००. दुसऱ्या योजनेतून तेवढे मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे मिळत नाहीत, हा नियमही एक वेळ समजता येतो. पण त्यातून काय झालं पाहा. निराधार योजना १९८०ची. आधार गेलेल्या बाईला काही जास्त लागतं, या जाणिवेतून ती निघाली होती. आता कमावता नवरा आणि दोन लाखांचं उत्पन्न असलेल्या बाईला जेवढे, तेवढेच या विधवेला. तिच्या निराधारपणाची वेगळी किंमत शून्य झाली. त्यात २०२५च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना जी ई-केवायसी सांगितली, तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. ज्यांचे दोघंही स्मशानात पोचले त्यांनी कुणाचा द्यायचा होता?

खरी गंमत पुढे आहे. लाडकी बहीण पासष्टीला संपते. मग तिने श्रावणबाळकडे वळायचं. काल अडीच लाखांपर्यंत चालत होतं, आज २१,०००च्या वर एक रुपयाही चालत नाही. हात थकले त्याच वाढदिवसाला मर्यादा बारा पटींनी खाली येते.

आता तिरोड्याकडचं एक शेतकरी घर घ्या. दोन एकर धान, नवरा-बायको दोघंही राबणारे. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल तर पीएम-किसान आणि नमो शेतकरी मिळून त्याला वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला हजार, आणि बायकोला लाडक्या बहिणीचे दीड हजार. घरात अडीच हजार येतात. तेच शेत बायकोच्या एकटीच्या नावावर असेल तर शेतकरी म्हणून हजार तिला मिळतात आणि तेवढ्यासाठी लाडक्या बहिणीचे फक्त ५०० होतात. घरात दीड हजार. जमीन बाईच्या नावावर असल्याचा दंड वर्षाला १२,००० रुपये. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या, सरकारनेही पुढे त्याच नावाची योजना काढली. त्या वेळी ज्यांनी मोठेपणा दाखवला, त्यांच्या घरी आज कमी पैसे येतात. हे कुणी दुष्टाव्याने केलं असेल असं वाटत नाही. केलं ते न बघता, आणि न बघता केलेलं सुधारायला मात्र वर्षं लागतात.

सरकारला जोडणी जमतच नाही असंही नाही. घरकुलाकडे पाहा. बांधकामाचं अनुदान एका योजनेतून, ९० ते ९५ दिवसांची मजुरी रोजगार हमीतून, शौचालयाचे १२,००० स्वच्छ भारतमधून. मजुरीच अठ्ठावीस हजारांच्या वर जाते. तिन्ही पैसे एका भिंतीत जातात आणि कुणी म्हणत नाही की याने तीनदा लाभ घेतला. कचेरीत याला 'अभिसरण' म्हणतात. विटा-सिमेंटला जमतं ते माणसाला का जमू नये?

ब्रिटनने २०१३पासून सहा वेगवेगळे भत्ते एकत्र करायला घेतले. त्या व्यवस्थेच्या नावाने तिथेही बोटं मोडली जातात आणि पहिला हप्ता पाच आठवडे मिळत नाही हा राग खराच आहे. पण तिच्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कमाई वाढली की मदत एकदम तुटत नाही, पाउंडामागे ५५ पेन्सने उतरते. आपल्याकडे उतार नाही, कडा आहे. कड्यापाशी उभा असलेला माणूस एक तर काम लपवतो, नाही तर कमी करतो.

आणि मग आपणच म्हणतो, फुकटाचं मिळतं म्हणून रोवणीला मजूर मिळत नाही. चैतात मोह, वैशाखात तेंदूपत्ता, आषाढात रोवणी, नंतर कापणी-चुरणी, अधेमधे राईस मिलची हमाली नाही तर घरी बिडी: हे कॅलेंडर ज्या घराचं आहे त्याला आळशी म्हणायला जीभ कशी उचलते कळत नाही. शिवाय यातलं सारंच काही दान नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. आपल्या पगारपत्रकातून आजही कापला जातो तो हाच. दुष्काळात खडी फोडणाऱ्यांशी शहरातल्या नोकरदारांनी केलेला तो करार होता. त्यात उपकाराची भाषा नव्हती.

कुटुंब म्हणजे कोण, हा तर वेगळाच तमाशा. पीएम-किसानला नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. लाडक्या बहिणीला नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. कंट्रोलला कार्डावरची सगळी नावं. अंत्योदय कार्डाला महिना ३५ किलो, मग घरात एक माणूस असो की आठ. प्राधान्यवाल्याला माणशी पाच, म्हणजे आठ जणांना ४०. सर्वांत गरीब ठरलेल्या आठ जणांच्या घराला पाच किलो कमी. सासूचं आणि सुनेचं कार्ड वेगळं झालं की भांडण झालं असेल असं आता समजू नका. बहुधा हिशेब झालेला असतो.

आमच्या मागण्या फार नाहीत. २१,०००ची मर्यादा रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीहून कधीच कमी असू नये आणि मजुरी वाढेल तशी ती आपोआप वाढावी. पासष्टीनंतरची मर्यादा पासष्टीच्या आधीच्याहून खाली नसावी. बाईच्या नावावरचा सातबारा तिच्या दीड हजारातून वजा होऊ नये. या तिन्हींना नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो.

अंकात कथा-कविता, झाडीपट्टीच्या नाटकांवरचं लेखन नेहमीप्रमाणे आहेच. मधल्या चार पानांवर मात्र यंदा जाहिराती घेतल्या नाहीत. तिथे योजना, त्यांच्या मर्यादा, लागणारे कागद आणि एक लाभ घेतला तर कोणता अडतो, याचा तक्ता मोठ्या टायपात छापला आहे. तो पिना काढून वेगळा करता येतो. मंडईला पाहुणे जमले की एकदा मोठ्याने वाचा, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जाताना तो तक्ता सोबत न्या.